भारनियमन संपले, खंड उरला

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन ६ जून २००५ रोजी झाले. निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा तीन कंपन्या झाल्या, त्यांच्यावर एक सूत्रधारी कंपनी आली आणि ग्राहकाच्या मीटरपर्यंत वीज पोहोचवण्याचे काम महावितरणकडे गेले. त्याला वीस वर्षे होऊन गेली. या वीस वर्षांत विजेचे दुखणे एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकले. तेव्हा राज्यात वीजच पुरेशी नव्हती. आज वीज आहे, पण उपकेंद्रापासून घरापर्यंतच्या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये ती अडते. दुखणे हलले तरी आपली चर्चा मात्र जुन्याच जागी घुटमळते आहे. म्हणून हा मागोवा.

आधी तुटवड्याचे दिवस आठवू. दाभोळचा प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि दराच्या वादात २००१ मध्ये बंद पडला. मागणी वाढत राहिली, नवी निर्मिती त्या वेगाने उभी राहिली नाही. २००५ नंतरच्या उन्हाळ्यांत राज्याची तूट चार-पाच हजार मेगावॉटच्या घरात गेली. खेड्यांत बारा-बारा तास अंधार असे. पिठाच्या गिरणीपुढे डब्यांची रांग लागे, नळपाणी योजनेची टाकी भरत नसे आणि परीक्षेच्या तोंडावर मुले कंदिलाशी बसत. शहरांत इन्व्हर्टर विकणाऱ्यांची चलती होती.

तूट वाटून घेण्यासाठी राज्य वीज नियामक आयोगाने एक तत्त्व ठरवले: जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे भारनियमन जास्त. आधी विभागांचे आणि पुढे फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्यांचे, गट पडले. ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत आणि नंतर ‘जी’चे तीन उपगट झाले. चोरी थांबवायला हे हत्यार उपयोगी पडले, हे खरे. पण त्याच फीडरवर राहून दर महिन्याला बिल भरणाऱ्या माणसाला आकडा टाकणाऱ्या शेजाऱ्याची शिक्षा भोगावी लागली. हा अन्याय होता, आणि तो बरीच वर्षे चालला.

त्याच काळात वाट काढण्याचे काही प्रामाणिक प्रयत्न झाले. त्यांतला पहिला पुण्याचा. २००६ मध्ये उद्योजकांची संघटना आणि ‘प्रयास’ ही अभ्यासक संस्था यांच्या पुढाकारातून एक योजना ठरली. कारखान्यांनी टंचाईच्या तासांत आपले स्वतःचे जनरेटर चालवायचे आणि तेवढी वीज शहरासाठी मोकळी करायची. डिझेलचा जादा खर्च मोठ्या वापराच्या ग्राहकांकडून ‘विश्वासार्हता आकार’ म्हणून घ्यायचा. आयोगाने मंजुरी दिली आणि पुणे भारनियमनमुक्त झाले. अखंड विजेला वेगळी किंमत असते आणि ती उघड हिशेब मांडून मागितली तर लोक देतात, हे यातून दिसले. मात्र ज्यांची ऐपत होती त्यांनाच हा उपाय परवडणारा होता. खेड्यांसाठी आली ती अक्षय प्रकाश योजना. गावाने संध्याकाळी शेतीपंप बंद ठेवायचे, आकडे काढायचे आणि बदल्यात घरांत दिवे राहायचे. जिथे गावाने एकदिलाने पाळली तिथे ती चालली, पण केवळ लोकांच्या संयमावर कोणतीही यंत्रणा फार काळ तगत नाही.

तगणारा उपाय तारांमध्ये बदल करण्याचा होता. पूर्वी गावातली घरे आणि शिवारातले पंप एकाच ११ केव्ही फीडरवर असत. पंपांना आठ तास वीज द्यायची म्हटली की घरांनाही तेवढीच मिळे. आधी ‘सिंगल फेजिंग’ आले. ठरलेल्या वेळी एकच फेज चालू ठेवायचा, म्हणजे दिवे लागतात आणि पंप चालत नाहीत. शेतकऱ्यांनी त्यावर एकाच फेजवर पंप चालवणारे ‘फेज स्प्लिटर’ शोधले, जादा भाराने डीपी, म्हणजे वितरण रोहित्रे, जळू लागल्या. मग गावठाण फीडर वेगळे करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. माझ्या मते या वीस वर्षांतले ग्रामीण वीजपुरवठ्याचे सर्वांत मोठे काम हेच. त्याचा गाजावाजा झाला नाही, पण खेड्यातल्या घरात रात्री पंखा फिरू लागला तो यामुळे.

वितरणाची नवी रीत म्हणून भिवंडीचे नाव घ्यावे लागते. यंत्रमागांच्या या शहरात जवळपास ५८ टक्के विजेची गळती होती आणि रोहित्रे वारंवार जळत. २६ जानेवारी २००७ पासून शहराचे वितरण टोरंट पॉवर या फ्रँचायझीकडे गेले. देशातला हा असा पहिला प्रयोग. पुढच्या काही वर्षांत गळती वीस टक्क्यांच्या आसपास उतरली आणि रोहित्रे जळण्याचे प्रमाणही झपाट्याने घटले. मीटर बदलले, तारा बदलल्या, भारानुसार रोहित्रे वाढवली. बिलांबद्दलच्या तक्रारी तिथे राहिल्या, त्या दुर्लक्ष करण्याजोग्या नव्हत्या. पुढे २०११ मध्ये औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरमध्ये हाच प्रयोग झाला. औरंगाबादचा २०१४ मध्ये संपला, जळगावचा २०१५ मध्ये आणि नागपूरचा २०१९ मध्ये. जाळ्यात आधी पैसा ओतला तरच हा मार्ग चालतो. पाटी बदलून वीज टिकत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

डिसेंबर २०१२ पर्यंत राज्य भारनियमनमुक्त करण्याचे आश्वासन सरकारने दिले होते. जास्त गळतीचे फीडर वगळता ते बऱ्याच अंशी पुरे झाले. नंतर ऑक्टोबर २०१७ आणि एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईने पुन्हा काही दिवस भारनियमन आले, पण ते तात्पुरते होते. इथे पहिला अध्याय संपतो आणि खरा प्रश्न सुरू होतो. तूट नाही, भारनियमन नाही, तरी वीज का जाते?

कारणे साधी आहेत आणि बहुतेक आधीच माहीत असलेली आहेत. चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हाळाभर तापतात, वळवाचा पहिला थेंब पडला की त्यांना तडे जातात. तड्यात पाणी शिरले की वीज खांबात उतरते आणि फीडर ट्रिप होतो. जूनच्या पहिल्या पावसात गावेच्या गावे अंधारात जातात ती बहुधा यामुळे. झाडाची फांदी तारेला घासते, तारा जोडणारा झम्पर सैल होतो. रोहित्रातले ऑइल कमी झालेले असते. शंभर केव्हीएच्या डीपीवर दीडशेचा भार असतो. शेतात प्रत्येक पंपाला ऑटोस्विच लावलेला असतो. वीज आली की सगळे पंप एका क्षणी सुरू होतात आणि डीपी तो झटका सोसू शकत नाही. कॅपॅसिटर नसल्याने तारांतून गरजेपेक्षा जास्त प्रवाह वाहतो आणि शेवटच्या टोकाच्या पंपाला पुरेसा दाबच मिळत नाही.

याशिवाय जाळ्याची रचनाही कारण आहे. मुंबईत जमिनीखालच्या केबल वर्तुळाकार जोडलेल्या आहेत. एका बाजूला बिघाड झाला की दुसऱ्या बाजूने पुरवठा सुरू करता येतो. खेड्यात एकच तार उपकेंद्रातून निघून टेकड्या-ओढे ओलांडत कित्येक किलोमीटर जाते. मध्ये कुठेही तुटली की पुढची सगळी गावे थांबतात, आणि नेमकी कुठे तुटली हे वायरमनला बॅटरी घेऊन खांबाखांबाने शोधावे लागते. मुंबईलाही पूर्ण अभय नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी पारेषणातल्या बिघाडाने शहर आणि लोकल दोन्ही थांबल्या. पण ती घटना वर्षानुवर्षे लक्षात राहते, कारण ती विरळा आहे. खेड्यातला खंड कुणाच्या स्मरणातही राहत नाही.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. रायगड आणि रत्नागिरीत हजारो खांब आडवे झाले. काही गावांना आठवडेच्या आठवडे विजेविना राहावे लागले, तेही टाळेबंदीत. इतर जिल्ह्यांतून पथके आली. डोंगरावरच्या वाड्यांपर्यंत खांब नेताना गावकऱ्यांनी खांदा दिला. या माणसांबद्दल कृतज्ञता वाटते. त्यांतले अनेक कंत्राटी, तुटपुंज्या पगारावर, पुरेशा सुरक्षा साधनांशिवाय काम करणारे. किनाऱ्यावरच्या अलिबागसारख्या गावांत भूमिगत वाहिन्या हव्यात, ही गोष्ट वादळाने पुन्हा पटवली. तारा उभारणाऱ्या माणसाचा जीव सुरक्षित हवा, हेही तितक्याच ठामपणे म्हणायला हवे.

शेतीचा प्रश्न वेगळा मांडावा लागेल. शेतीला दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज, अशी आळीपाळी वर्षानुवर्षे चालली. रात्रपाळी म्हणजे अंधारात बांधावर, सापाच्या आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याच्या भीतीत पाणी देणे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचा फीडरच उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पावर चालवण्याची कल्पना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथून सुरुवात झाली, २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. गावठाण फीडर आधी वेगळे झाले नसते, तर ही योजना शक्यच नव्हती. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे हा विश्वासार्हतेचाच भाग आहे, कारण नको त्या वेळी आलेली वीज उपयोगाची नसते.

आता मोजमापाकडे येऊ. माझे सगळे म्हणणे इथे येऊन ठेपते. वितरणाची विश्वासार्हता जगभर दोन आकड्यांत मोजतात: सरासरी ग्राहकाची वीज वर्षात किती वेळा गेली आणि एकूण किती वेळ गेली. अभियंते त्यांना सैफी आणि सैडी म्हणतात. वीज कायदा २००३ च्या ५७ व्या कलमाने सेवेचे निकष आणि त्यांतल्या चुकीबद्दल भरपाई ठरवण्याचा अधिकार आयोगाला दिला. २००५ पासून राज्यात असे निकष आहेत. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलावे, हा त्यांतला सर्वांत परिचित. केंद्राच्या डिसेंबर २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी तर भरपाई आपोआप मिळावी असे म्हटले.

पण सैफी आणि सैडी मोजतात फीडरवर, उपकेंद्रात. फीडर चालू असला की नोंदवहीत वीज आहे. त्याच फीडरवरच्या एका वस्तीची डीपी जळून ती वस्ती चार दिवस अंधारात असली, तरी त्या आकड्याला धक्का लागत नाही. दाब १५० व्होल्टवर आला आणि पंप गुणगुणत थांबला, तरी लागत नाही. म्हणून कागदावरची विश्वासार्हता आणि घरातली विश्वासार्हता यांत एवढे अंतर पडते. ‘प्रयास’ने देशभरातल्या घरांत, प्लगपाशी, मिनिटामिनिटाला दाब नोंदवणारी छोटी यंत्रे बसवून हेच अंतर दाखवून दिले. खंड आणि कमी दाब दोन्ही त्या नोंदींत उतरले. कुणाच्या मतावर अवलंबून न राहता पुरावा उभा राहिला.

आज स्मार्ट मीटर बसत आहेत. त्यांच्यावरून वाद पेटला आहे आणि बिलांविषयीच्या शंकांना उत्तर मिळालेच पाहिजे. पण त्या मीटरला आणखी एक गोष्ट कळते: या घरात वीज केव्हा गेली, केव्हा आली आणि दाब किती होता. ही नोंद फक्त वसुलीसाठी वापरली गेली तर ती ग्राहकावर पाळत ठरेल. डीपीनिहाय, गावनिहाय खंडाचे आकडे दरमहा जाहीर करण्यासाठी वापरली, तर तीच ग्राहकाच्या हातात पुरावा देईल. आयोगाने हे बंधनकारक करावे. कोणत्या डीपीवर जादा भार आहे, कोणत्या फीडरवर दर जूनमध्ये इन्सुलेटर फुटतात, हे त्यातून आपोआप दिसेल आणि पैसा योग्य जागी जाईल.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. आपल्या डीपीचा क्रमांक माहीत करून घ्या. वीज गेली की तारीख आणि वेळ लिहून ठेवा, १९१२ वर तक्रार करून तिचा क्रमांक मागून घ्या. मुदत उलटली तर भरपाईचा अर्ज लेखी द्या, दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. पंपाचा ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. वीस वर्षांपूर्वी आपण वीज मागितली आणि ती मिळाली. आता न अडखळता येणारी वीज मागायची आहे, आणि ती मागताना हाती लेखी नोंद असायला हवी.