पोरं कारखान्यात टिकत का नाहीत? मालकांनो, आधी खाडे बघा

शिरोली, गोकुळ शिरगाव असो की कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, मालकांची एक तक्रार कायम ऐकू येते : माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर टिकत नाहीत. त्याच वेळी गावागावात पोरं कट्ट्यावर बसलेली दिसतात. मग अडतंय कुठं?

कोल्हापूरची फौंड्री आजही बरीचशी माणसाच्या हातावर चालते. वाळू किती ओली हवी, कोअर नीट बसला का, रस कधी ओतायचा हे महिनोन्‌महिने काम केल्यावरच कळतं. असा हात सोडून गेला की नवा माणूस येतो, रिजेक्शन वाढतं आणि झालेला माल परत भट्टीत जातो. हा तोटा पगाराच्या रजिस्टरात कुठंच दिसत नाही, म्हणून तो मोजलाही जात नाही.

कामगार एका दिवसात सोडून जात नाही. आधी पगारानंतरचे खाडे वाढतात. मग मशीनचा आवाज बदलला तरी तो सांगत नाही, गप्प बसतो. ओव्हरटाइमला नको म्हणतो. शेवटी एक दिवस फोन बंद! माणूस परत वळवायचा तर तो गप्प झालाय तेव्हाच. त्याला बाजूला घेऊन काय अडचण आहे एवढं विचारलं, तरी निम्मं कळतं. चारचौघांत शिवी दिली तर तेही जातं. बऱ्याच ठिकाणी चांगल्या कारागिरालाच सुपरवायझर करतात. पण माणसं कशी सांभाळायची हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. पगार ठरल्या तारखेला आणि पावतीसह मिळाला पाहिजे. जादा कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. पीएफला कामगाराचे 12 टक्के कापले जातात, तेवढीच रक्कम मालकाने घालायची असते. ती भरली की नाही हे उमंग ॲपवर बघता येतं. ईएसआयसी लागू असलेल्या कारखान्यात 21 हजारांपर्यंत पगार असणाऱ्याचे फक्त 0.75 टक्के जातात आणि घरच्यांनाही उपचार मिळतात. हे कामगाराला समजावून सांगितलं नाही, तर त्याला पगारातली कपात तेवढी दिसते.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. कायम कामगाराची सलग पाच वर्षे भरली की दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13 हजार असेल, तर वर्षाला साडेसात हजार, पाच वर्षांचे साडेसदतीस हजार. चौथ्या वर्षी महिना पाचशे जास्त मिळतात म्हणून शेजारच्या शेडमध्ये जाणाऱ्याला हा आकडा कुणी सांगितलेला नसतो. उलट, काही जण दर अकरा महिन्यांनी ब्रेक देऊन जुन्या माणसाला नवा दाखवतात. असं करून वर निष्ठेची अपेक्षा ठेवायची, हे काही पटत नाही.

तिसरी गोष्ट शेतीची. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडचा कामगार पावसाळ्यात भाताच्या लावणीला घरी जाणारच. चैत्रात जोतिबाची यात्रा, बिहारच्या कामगारांना दिवाळीनंतर छठ. या तारखा दरवर्षी येतात, तरी दरवर्षी रजेवरून भांडण होतंच. महिनाभर आधी नावं घेऊन पाळ्या लावल्या, तर गेलेला माणूस परत येतो. रजा नाकारली की तो जातोच, फक्त न सांगता.

आणि पुढची वाट? फेटलिंगला लागलेल्या पोराला दहा वर्षांनीही फेटलिंगच करावं लागणार असेल, तर तो थांबेल कशाला? सीएनसी शिकायची संधी कधी आणि त्यानंतर पगार किती, हे लागतानाच सांगायला हवं.

नोकरी बदलायचीच असेल, तर कामगारानेही एक करावं. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन नंबर द्यावा आणि पीएफ काढून न घेता तिकडं वळवावा. पेन्शनच्या हक्कासाठी दहा वर्षे सेवा लागते. दर वेळी सगळे पैसे काढून घेतले, की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.