झाकलेली सेटिंग्ज
दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे. हे आपण तर्कशास्त्रात पाहिलंच. बायोसचंही तसंच. त्यात दिसतात त्याहून कितीतरी जास्त सेटिंग्ज असतात, मदरबोर्ड बनवणारा ती नुसती झाकतो. साध्या पीसीवर मॅकओएस चालवू पाहणारे ‘सीएफजी लॉक’ काढायला शेलमधून एका ठरावीक पत्त्यावर १ च्या जागी ० लिहितात. आता गंमत बघा, तो पत्ता बायोसच्या आवृत्तीगणिक बदलू शकतो! जुना आकडा नव्या आवृत्तीवर वापरला, की बदलतं भलतंच. कदाचित मेमरीचं व्होल्टेजसुद्धा. मग स्क्रीनच येत नाही. आपण म्हणतो, सेल काढून ठेवू. पण यूईएफआयच्या या नोंदी बहुधा फ्लॅश चिपमध्येच असतात; सेल काढल्यानं त्या पुसल्या जातीलच असं नाही. मग चिपला क्लिप लावून, प्रोग्रामरनं आधीची प्रत पुन्हा लिहायची. ती प्रत आपण काढून ठेवलेली असते का हो?