पाटे बदलले, आता चाकं मोजा

ट्रकच्या पुढच्या भागाचं मोठं काम निघालं की बिलाच्या तळाशी ‘अलाइनमेंट’ अशी एक ओळ येते, आणि घासाघीस सुरू झाली की पहिली काट तिच्यावरच बसते. पाटे नवे, किंगपिन नव्या, टायरॉडचे एंड नवे. मग चाकं सरळच असणार, असा हिशेब त्यामागे असतो. तो फक्त मालकाचा असतो असं नाही, बरेच मिस्त्रीही मनातून तसंच मानतात. माझं म्हणणं उलट आहे. जितके भाग नवे, तितकी मोजणीची गरज जास्त, कारण नवे भाग बरोबर बसले की नाही हे या कामात दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने नीट कळत नाही.

हे पटायला ट्रकच्या पोटाखाली पाहावं लागतं. कळंबोलीच्या किंवा निगडीच्या ट्रकतळावर उभ्या असलेल्या बहुतेक गाड्यांना पुढे एकच आडवा घडीव अ‍ॅक्सल असतो, दोन्ही बाजूंच्या पाट्यांना यू-बोल्टने जखडलेला. कारसारखी प्रत्येक चाकाची वेगळी व्यवस्था इथे नसते. त्यामुळे मोजायचे मुख्य कोन तीन असले तरी पाना लावून सहज बदलता येतो तो एकच, टो. म्हणजे दोन चाकांमधलं पुढचं अंतर आणि मागचं अंतर यांतला फरक. टायरॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे. क्लॅम्प सैल करून नळी फिरवली की लांबी कमीजास्त होते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा बाहेर किंवा आत कल, अ‍ॅक्सल घडवतानाच ठरलेला असतो. कास्टर, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं त्या किंगपिनचा मागे झुकाव, पाटा कसा बसला आहे आणि पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये कोणती पाचर आहे यावर ठरतो. या दोन आकड्यांत चूक निघाली तर अलाइनमेंटच्या मशीनवाल्याला फिरवायला बोल्टच नसतो. तिथे चुकलेला आकडा सरळ सांगतो की काहीतरी वाकलं आहे, झिजलं आहे किंवा उलटं बसलं आहे.

आणि उलटं बसण्यासारखं बरंच असतं. पाचरीची जाड बाजू चुकून विरुद्ध दिशेला गेली की कास्टर घटतो. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मागे येत नाही आणि सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते. पैसे वाचवायला एकाच बाजूचा पाटा बदलला, तर नव्याची कमान जास्त आणि जुना बसलेला. दोन बाजूंचा कास्टर वेगळा होतो आणि ज्या बाजूला तो कमी, तिकडे गाडी ओढते. आपल्या रस्त्यांचा उतार तसाही डावीकडे असतो, म्हणून डावी ओढ असेल तर चालक ‘रस्ताच तसा आहे’ म्हणून सोडून देतो. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नीट न बसताच यू-बोल्ट आवळले, तर अ‍ॅक्सलची एक बाजू किंचित पुढे राहते. उभ्या गाडीकडे पाहून यातलं काही ओळखणं जवळपास अशक्य.

टोचा हिशेब तर कुणालाही कागदावर करता येईल. ट्रकच्या टायरचा व्यास साधारण एक मीटर. टो दहा मिलिमीटरने बिघडला तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला पाच, म्हणजे मीटरमागे पाच मिलिमीटर तिरकेपणा. एक किलोमीटर धावताना ते चाक पाच मीटर आडवं जाऊ पाहतं. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरमध्ये साडेतीन किलोमीटर, तेही कित्येक टनांच्या भाराखाली. टायर थोडा लवचिक असल्याने हिशेब ढोबळ आहे, पण टायर ‘खाल्ला’ जातो तो असाच. नक्षीवरून आडवा हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट दिशेने कड बोटांना टोचते.

यावर पहिला आक्षेप असा: आम्ही जुना एंड काढताना आटे मोजले आणि नवा तेवढाच आत घातला. पद्धत चांगली आहे, अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी नेण्यापुरती. नव्या एंडच्या बॉलपासून आट्यांपर्यंतचं माप जुन्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही, आणि झिजलेल्या बॉलमधली ढिलाई आता गेलेली असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: टायर फिरवून त्यावर खडूच्या रेघेत खूण करून टेपने टो मोजणारे जुने मिस्त्री काय चुकीचे होते? मुळीच नाही. सपाट जागेवर ते माप मिलिमीटरपर्यंत खरं येतं. पण त्यात कास्टर दिसत नाही, आणि वाकलेला स्टेअरिंग आर्म तर त्या मापाआड लपतो, कारण टायरॉड फिरवून सरळ रेषेतला टो जुळवता येतोच. वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं, या तत्त्वाचं इंग्लंडमधलं पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी म्युनिकच्या लँकेनस्पर्गर या गाडीकारासाठी घेतलं, तेही घोडागाड्यांसाठी. वाकलेल्या आर्मने तो हिशेब बिघडला आहे का, हे चाकं टर्नटेबलवर ठेवून वळवल्याशिवाय कळत नाही. खड्ड्यांत सगळं पुन्हा बिघडणारच, हा तिसरा आक्षेप मला आळसाचा वाटतो. आवळलेले यू-बोल्ट आणि धड बुश असतील तर साध्या खड्ड्याने घडीव अ‍ॅक्सल हलत नाही. एका बाबतीत मात्र काटकसर योग्य आहे: अशा अ‍ॅक्सलचा फक्त शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलला असेल तर कुठलाच कोन बदलत नाही, तिथे मोजणीचा आग्रह धरणारा दुकानदार स्वतःचा धंदा पाहतो.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. हवा, बेअरिंगची ढिलाई, किंगपिनची ढिलाई आणि यू-बोल्ट आधी, मोजणी नंतर. स्टेअरिंग बॉक्सला चाकाशी जोडणाऱ्या ड्रॅग लिंकने टो बदलत नाही, फक्त स्टेअरिंगचं चाक मध्यावर येतं, तरी अनेक ठिकाणी घाईत तीच आधी फिरवली जाते. मागचा अ‍ॅक्सल तिरका असेल तर गाडी तिरपीच चालते आणि दोष पुढच्या टायरांवर जातो, म्हणून मागची चाकंही मोजायला हवीत. नवे पाटे काहीशे किलोमीटरनंतर बसतात, तेव्हा यू-बोल्ट पुन्हा आवळून टो पुन्हा पाहावा. अ‍ॅक्सल वाकलेला निघाला तर तो गॅसने तापवून सरळ करू देऊ नये. घडीव पोलादाचा कस त्या उष्णतेत जातो. आणि कागद मागायचा तो टो फिरवण्याआधीच्या आकड्यांचा, कारण दुरुस्ती कशी झाली ते त्यावर असतं. नुसतं ‘टो सेट केला’ एवढंच लिहून मिळालं, तर कास्टर किती आला हे पैसे देण्याआधी विचारावं.