शारीरिक शिक्षण : नोंद कशाची करायची?

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने शारीरिक शिक्षणाला फक्त आकारिक मूल्यमापन ठेवले, संकलित नाही. मग वर्षभराच्या नोंदीच नसतील तर श्रेणी कशावरून देणार?

मी बरीच वर्षे धावण्याच्या क्रमांकावरून दिली. पुढे आला त्याला अ-1, मागे राहिला त्याला क-1. एकदा सहज जूनची आणि जानेवारीची वेळ शेजारी मांडली. क-1 वाल्या मुलीने 50 मीटरला 12 सेकंदांवरून 10 वर मजल मारली होती, अ-1 वाला होता तिथेच! चूक माझी होती.

म्हणून शाळा उघडताच, मैदानाचा चिखल व्हायच्या आत, प्रत्येकाची पहिली नोंद घ्या. एका तासिकेला पाचच मुलं घ्या. रोज सगळ्यांची होत नाही हो. आमच्या ओझरला पावसाळ्यात व्हरांड्यात सूर्यनमस्कार, योगासने. धावणे, उड्या दिवाळीनंतर. शाळा सुटल्यावरचा सराव मात्र नियोजनात धरू नका. जुन्नरच्या उसात बिबट्या आहे, मुलांना अंधाराआधी वस्तीवर पोचायचं असतं. सराव तासिकेतच बसवा, आणि तीच वेळ जानेवारीत पुन्हा मोजा.