अणशी घाटात सुटलेला क्लच

कद्र्याहून अणशी घाट चढायला लागलो तेव्हा क्लच नवाकोरा होता. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मास्टर सिलिंडर, सगळं निघण्याआधीच बदलून घेतलेलं. गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर. 2005 साली बजाज टेम्पोचं नाव फोर्स मोटर्स झालं, त्याच्याही आधीची. मागच्या सीटा काढून पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली, म्हणजे चढावर ओझं भरपूर.

पायथ्याला ठणठणीत होती. अर्ध्या घाटात इंजिन नुसतं बोंबलायला लागलं, वेग काही वाढेना, आणि जळका वास सुटला. दोन्हीकडे काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, फोनला रेंज नाही. गाडी निवू दिली की ती पुन्हा मुकाट चढायची. असं थांबत थांबत जोयडा गाठलं. रेंज आल्यावर क्लच बसवणाऱ्या गॅरेजला फोन केला. "प्लेट गेली असणार, गिअरबॉक्स उतरवा," एवढंच उत्तर मिळालं.

जोयडा तसं लहान. जुनं सुपा गाव धरणाच्या पाण्यात गेल्यावर तालुक्याचं ठाणं इथे आलं. इथल्या मिस्त्रींनी गिअरबॉक्सला हातही लावला नाही. "थंड असताना धरतो, तापल्यावर सोडतो ना साहेब? मग प्लेटला कशाला दोष?" गाडी चढावर तापवून आणली, क्लच घसरायला लागल्यावर ते खाली शिरले आणि स्लेव्ह सिलिंडरचं निपल किंचित सैल केलं. तेलाची चिळकांडी उडाली. पायडलवर कुणाचाही पाय नव्हता. निपल आवळलं आणि क्लचने लगेच पकड घेतली.

मास्टर सिलिंडरमध्ये तेल टाकीत परतायला एक बारीक भोक असतं. पाय उचलल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते उघडतं. नवा सिलिंडर बसवताना पायडलचा रॉड जरा लांब राहिला होता, त्यामुळे भोक झाकलेलंच. तापलेलं तेल फुगतं, त्याला परतीची वाट नाही. मग ते रिलीज बेअरिंग रेटत राहतं. म्हणजे कुणीतरी सतत क्लचवर पाय ठेवून बसल्यासारखंच.

मिस्त्रींनी चेकनट सोडला, रॉड थोडा थोडा फिरवला आणि दर वेळी बोटाने पायडल दाबून पाहिलं. मग पोराला वर बसवून एअर काढली: "दाब, धर, सोड." वास आला होता तरी प्लेट वाचली होती.

क्लचचं काम झालेली गाडी ताब्यात घेताना पायडल आधी हाताने दाबून बघा. सुरुवातीला किंचित ढिलं लागलंच पाहिजे. आणि तापल्यावर क्लच घसरत असेल, तर गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी निपल उघडायला लावा.