साभार पोच

वर्तमानपत्राच्या कचेरीत रोज जे टपाल येते, त्यात पत्रे, तक्रारी आणि सभांची वृत्ते यांच्या जोडीला पुस्तकांची पुडकीही असतात. या पुस्तकांपैकी बऱ्याच पुस्तकांवर प्रकाशक म्हणून कोणा मंडळीचे नाव नसते. ग्रंथकाराचे स्वतःचे, त्याच्या पत्नीचे अथवा मुलाचे नाव असते आणि पत्ता राहत्या घराचा असतो. कोणी निवृत्त शिक्षक आपल्या गावाचा इतिहास लिहितो, कोणी शेतकरी आपल्या शिवारातील बियाण्यांची टिपणे छापतो, कोणी परिचारिका नोकरीतील आठवणी सांगते, कोणी नर्मदेच्या परिक्रमेचे वर्णन करतो. आणि कवितासंग्रहांची तर गणतीच नको. कागद, छपाई व बांधणावळ यांचा सर्व खर्च पदरचा. अशा पुस्तकांची वर्तमानपत्रांतून जी वासलात लागते, ती बहुधा दोन शब्दांत लागते. ते दोन शब्द म्हणजे ‘साभार पोच’. खाली पुस्तकाचे नाव, कर्त्याचे नाव, पृष्ठे, किंमत. की काम संपले.

पोच म्हणजे पावती. आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत व त्यांना हे सांगावयास नको की, मालाची पावती दिली म्हणजे माल पारखला असे होत नाही. ज्या ग्रंथकाराच्या पाठीशी मोठा प्रकाशक आहे, त्याचे पुस्तक पावतीवर भागवले तरी दुकानाच्या फळीवर ते दिसते, त्याची जाहिरात होते, चार ठिकाणी त्याचा बोलबाला होतो. स्वखर्चाच्या ग्रंथकाराला यांपैकी काहीच नसते. त्याच्या पुस्तकाची ओळख कोणी करून दिली तरच ते वाचकापर्यंत जाणार. नाही तर छापलेल्या प्रती माळ्यावर जाणार. म्हणून हा प्रश्न चार हौशी लोकांच्या हौसेचा आहे असे म्हणून तो उडवून लावणे आम्हास मान्य नाही. महाराष्ट्रात समाजसुधारणेचे जे विचार आज सर्वमान्य झाले आहेत, त्यांपैकी कित्येक प्रथम अशाच निराश्रित पुस्तकांतून बाहेर पडले आहेत, आणि त्या पुस्तकांचे त्या वेळी काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

सन १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर भ्रूणहत्येबद्दल खटला होऊन तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली. त्या निमित्ताने काही पत्रांतून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना ते सहन झाले नाही आणि त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात १८८२ साली त्याच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. स्त्रियांच्या अंगी म्हणून जे दुर्गुण सांगितले जातात ते पुरुषांच्या अंगी नाहीत काय, असा रोकडा सवाल त्यात होता. पुस्तकाची कुचेष्टा झाली, आणि विशेष खेदाची गोष्ट अशी की, ती करणारांत सत्यशोधक म्हणविणारे लोकही होते. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा पक्ष घेऊन आपल्याच सहकाऱ्यांना बोल लावला. त्यापुढे मात्र सारे शांत झाले. ताराबाईंचे हे एकच पुस्तक. ते पुन्हा लोकांसमोर यावयास १९७५ साल उजाडावे लागले. त्या साली स. गं. मालशे यांनी ते संपादून छापले. मधली ९३ वर्षे महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणावर, पुनर्विवाहावर, संमतिवयावर किती व्याख्याने झाली आणि किती अग्रलेख लिहिले गेले! पण त्या वादांच्या आधीच एका स्त्रीने काय लिहून ठेवले आहे, याची वादविवाद करणारांपैकी बहुतेकांना दादही नव्हती.

खुद्द जोतीरावांचा अनुभव निराळा नव्हता. त्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडले. कमिटीने ते नाकारले, आणि ते छापून निघाले १९७९ साली. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ ‘दीनबंधू’त छापावयास दिला, तेव्हा पहिली दोन प्रकरणे येऊन पुढचा मजकूर थांबला. ‘दीनबंधू’ हे तर स्वपक्षाचे पत्र! न्यायमूर्ती रानडे यांनी १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण धाडले असता जोतीरावांनी ते नाकारून जे कडक उत्तर पाठविले, त्याची कारणे या अनुभवातही शोधावी लागतील. ज्या सभेत आपल्या लोकांच्या दुःखाची ओळखच होणार नाही, तेथे जाऊन काय करावयाचे, असा त्यांचा रोख होता.

आता याच्या उलट एक उदाहरण घेऊ. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकर यांना आपल्या परिषदेचे अध्यक्ष नेमले, आणि भाषणातील मते पाहून परिषदच रद्द केली. डॉक्टरांनी ते न झालेले भाषण पदरच्या खर्चाने पुस्तकरूपाने काढले. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत खपल्या. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रात त्यावर लिहिले. वर्णव्यवस्थेविषयी त्यांचे मत अगदी विरुद्ध होते व तसे त्यांनी स्पष्ट मांडले. परंतु लेखाच्या आरंभीच त्यांनी हे भाषण कोणत्याही सुधारकाला दुर्लक्षून चालणार नाही असे बजावले, ते ग्रंथकाराने स्वखर्चाने काढले आहे हे नमूद केले, आणि आठ आणे किंमत फार आहे, ती दोन आणे किंवा निदान चार आणे करावी, अशी सूचनाही केली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ते विरोधी परीक्षण जसेच्या तसे घालून त्याला आपले सणसणीत उत्तर जोडले. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावे. पण पुस्तकाची ओळख म्हणतात ती ही. परीक्षकाने पुस्तक वाचले होते, त्यातील मुद्दा त्याला बोचला होता, आणि बोचला हे त्याने लपविले नाही. गोडगोड स्तुतीच्या दहा ओळींनी त्या पुस्तकाचे जे हित झाले नसते, ते एका प्रामाणिक विरोधाने झाले.

ग्रंथकाराला परीक्षणात कौतुक हवे असते आणि संपादकाला कोणाचे मन मोडावयाचे नसते. या दोहोंच्या तडजोडीतून ‘सुबक छपाई’, ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ ही तीन विशेषणे जन्माला येतात. ती वाचून कोणी पुस्तक विकत घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. र. धों. कर्वे यांनी संततिनियमनासारखा त्या काळी तोंडातून न निघणारा विषय घेऊन पुस्तके लिहिली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक स्वतः झीज सोसून चालविले. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांची मते ज्यांना आवडत नव्हती त्यांनी ती खोडून काढावयाची होती. ते न करता ‘असभ्य’ हा एक शब्द उच्चारून पुष्कळांनी सुटका करून घेतली. हा शब्दही एका प्रकारची पोचच होय, फक्त साभार नव्हे.

आता सांप्रतकाळच्या स्वखर्चाच्या पुस्तकांविषयी. छपाई आज पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. पूर्वी खिळे जुळवून फर्मे छापावयाचे म्हणजे हजारभर प्रतींवाचून परवडत नसे. आता पन्नास प्रतीही निघतात, आणि मागणी येईल तशी एकेक प्रतही छापता येते. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या संस्थेकडून विनामूल्य मिळतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. या गोष्टी मुद्दाम येथे सांगण्याचे कारण असे की, त्या ठाऊक नसल्यामुळे कित्येक भोळे ग्रंथकार भलत्यांच्या हाती सापडतात. लेखकाकडून सगळा खर्च आगाऊ घ्यावयाचा, वर मोफत मिळणाऱ्या क्रमांकाचेही पैसे लावावयाचे, प्रती त्याच्याच घरी पोचवावयाच्या आणि मुखपृष्ठावर नाव मात्र प्रकाशकाचे मिरवावयाचे, हा धंदा बराच फैलावला आहे. पैसे देण्यापूर्वी प्रती किती निघणार, विकणार कोण, हिशेब केव्हा मिळणार आणि हक्क कोणाकडे राहणार, हे चार प्रश्न लेखी विचारून घ्यावेत. जो प्रकाशक त्यांची उत्तरे कागदावर देण्यास कां कूं करील, त्याच्यापेक्षा स्वतःच्या घरचा पत्ता घालून पुस्तक काढलेले शतपट बरे.

पुस्तकांच्या गुणदोषांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. कवितासंग्रह सर्वांत अधिक येतात व त्यांतील बहुतेक न येते तरी मराठी कवितेचे नुकसान झाले नसते. परंतु या ‘बहुतेकां’त एखादी बहिणाबाई दडलेली असेल, ही धास्ती परीक्षकाला नेहमी असली पाहिजे. खानदेशातील त्या निरक्षर शेतकरी स्त्रीच्या ओव्या घरच्यांनी उतरून घेतल्या होत्या. १९५१ साली त्या वारल्यावर पुत्र सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखविल्या, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. अत्र्यांनी चार ओळी वाचून वही परत केली असती, तर?

आत्मवृत्ते आणि स्थानिक इतिहास यांविषयी मात्र आमचा पक्षपात आम्ही कबूल करतो. भाषा ओबडधोबड असो, मुद्रणदोष पानोपानी असोत. त्यांत जी माहिती असते ती अन्यत्र कोठेही नसते. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले नसते, तर त्या काळच्या मुंबईतील बाजार, धंदे आणि चालीरीती आपणास मराठीत कोठून वाचावयास मिळत्या? आज एखाद्या वृद्ध अडत्याने आपल्या पेठेची हकिकत लिहिली, धान्य मणाशेरांनी कसे मोजत, १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा गिऱ्हाइकांशी काय काय वाद झाले, उधारीच्या खतावण्या कशा ठेवीत, हे सांगितले, तर ते पुस्तक पन्नास वर्षांनी इतिहासकार शोधीत येतील. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे लहानसे दुकान होते. पुड्या बांधावयाच्या रद्दीतील वर्तमानपत्रे त्या गल्ल्यावर बसून वाचीत, आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. ते लिखाण ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आले व १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तक झाले. दलित स्त्रीचे पहिल्या काही आत्मचरित्रांपैकी एक म्हणून ते आज इतर भाषांतही वाचले जाते. किराण्याच्या दुकानात असा ग्रंथकार बसलेला असू शकतो, ही गोष्ट व्यापारी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ग्रंथकारांनाही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. मुद्रिते दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावीत. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. आणि मान्यवरांच्या पाच पाच प्रस्तावना जोडण्यापेक्षा गावांची व व्यक्तींची सूची जोडावी. आमदारांच्या शुभेच्छेने पुस्तकाचे वजन वाढते ते केवळ टपालखर्चापुरते.

सरकारदरबारी पुस्तकाची नोंद ठेवण्याची एक जुनी सोय होती. १८६७ च्या कायद्यान्वये प्रत्येक छापील पुस्तकाचे नाव, कर्ता, प्रतींची संख्या आणि किंमत यांची सरकारी यादी होत असे. संपादकांनी ज्यांची नोंद घेतली नाही अशा कित्येक पुस्तकांचा माग संशोधकांना त्या याद्यांत लागतो. तो कायदा आता राहिला नाही. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नियतकालिकांपुरता नवा कायदा आला आहे. परंतु १९५४ चा ग्रंथ पोचविण्याचा कायदा कायम असून, त्याप्रमाणे प्रकाशकाने आपल्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेली ग्रंथालये यांस स्वखर्चाने द्यावयाच्या असतात. प्रकाशक म्हणून ज्याने स्वतःचे नाव घातले, त्याच्यावरही हे बंधन आहे. बहुतेकांना ते ठाऊक नसते. प्रत तेथे जाऊन राहिली, तर निदान एखाद्या भावी मालश्यांना ती सापडण्याची आशा तरी राहील.

राहिली आमच्या शहरांतील व तालुक्यांतील वाचनालये. त्यांची खरेदी बहुधा विक्रेत्याने दिलेल्या यादीवरून आणि मिळणाऱ्या सवलतीवरून होते. स्वखर्चाचे पुस्तक त्या यादीत नसतेच. हा दोष ग्रंथपालाचा एकट्याचा नव्हे. प्रत्येक वाचनालयात सभासदांसाठी मागणीची वही असते व ती बहुधा कोरी असते. ज्यांना आपल्या जिल्ह्यातील अशा एखाद्या पुस्तकाची खबर लागेल, त्यांनी त्या वहीत पुस्तकाचे नाव लिहिताना ग्रंथकाराचा पत्ताही लिहावा. कारण हे पुस्तक दुकानात मिळत नाही, ते त्या पत्त्यावरच मागवावे लागते.