विखुरलेल्या वाचकांची बाजारपेठ

ग्रंथव्यवहारात मागणी असून भागत नाही. ती उघडपणे व्यक्त करता आली पाहिजे. समलिंगी लेखकांच्या साहित्याची अडचण नेमकी हीच होती. वाचक होते; परंतु विखुरलेले आणि लोकापवादाच्या भयाने मूक. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये ऑस्कर वाइल्डच्या नावाने निघालेल्या पुस्तकांच्या दुकानाने त्यांना हक्काची जागा दिली. २००९ मध्ये तेही बंद पडले. न्यू ऑर्लिन्स येथे २००३ मध्ये एड्सविषयक जागृतीच्या हेतूने सुरू झालेल्या ‘सेंट्स अँड सिनर्स’ या साहित्यसंमेलनाचे महत्त्व म्हणूनच अधिक. सप्ताहअखेरीच्या या मेळाव्यात लेखकाला त्याचा वाचक प्रत्यक्ष भेटतो. हा लाभ केवळ विक्रीच्या आकड्यांत मोजणे चुकीचे ठरेल. पुस्तक जेथे लपवून वाचावे लागते, तेथे लेखनस्वातंत्र्यही अपुरेच राहते.